मोजणाऱ्याला हाक मारू नये

चौथ्या डॉक्टरची फाइल धाकटीने टेबलावर ठेवली आणि एकेक कागद वाचून दाखवला. मानेचा फोटो स्वच्छ. खांद्याचा स्वच्छ. नसांची तपासणी व्यवस्थित. रक्तात काही नाही.

"म्हणजे आक्का पास," दादा म्हणाला आणि हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

धाकटी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि तपासायचं. तेवढ्या भांडवलावर घराने तिला अर्धी डॉक्टर करून टाकलं होतं. दोन तास बसमध्ये बसून ती यायची, थोरल्या बहिणीला नव्या डॉक्टरकडे न्यायची, आणि दर वेळी एकच गोष्ट तिला खायला उठायची. अहवाल चांगला आला की आक्काचा चेहरा पडायचा. हाड झिजलेलं निघावं, नस दबलेली निघावी, काहीही चालेल पण काहीतरी निघावं, असं तिला वाटत असणार. नाव नसलेलं दुखणं घेऊन तीन वर्षं चारचौघांत बसणं काय असतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आत्ताही आक्का खुर्चीच्या कडेवर बसली होती, डाव्या तळहातात उजवं कोपर धरून. बावन्न वर्षांची, बिनलग्नाची, अंगाने काटक. दुखणं उजव्या खांद्याच्या मागे सुरू व्हायचं, मानेतून कानापर्यंत चढायचं आणि ओलं फडकं पिळावं तसं पिळत राहायचं. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. हा आला होता मुंगीच्याच पावलांनी, आणि जायचं नाव काढत नव्हता.

"पण डॉक्टर म्हणाले काय?" खिडकीजवळच्या पलंगावरून आईने विचारलं. कंबरेचं हाड मोडल्यापासून, म्हणजे सव्वातीन वर्षं, तिचं सगळं जग त्या पलंगावरून चालत होतं.

"म्हणाले, दुखणं खरं आहे. फोटोत दिसत नाही म्हणून खोटं होत नाही." हे वाक्य धाकटीने मुद्दाम दादाकडे बघून म्हटलं. "मनावर फार वर्षांचं ओझं असलं की अंग असं दुखायला लागतं. कशाने वाढतं, कशाने थांबतं, ते घरात बघा म्हणाले."

"त्यात बघायचंय काय?" दादाने कप खाली ठेवला. "तीस वर्षं बाकावर बसून तार गुंडाळतेय ती. सकाळी मोटर आली की संध्याकाळी गिऱ्हाईक दारात. ओझं ओझं म्हणजे आणखी काय असतं? म्हणून तर मशीन मागवलं."

दारालगत ते खोकं होतंच. कॉइल गुंडाळायचं नवं मशीन, वेढे आपोआप मोजणारं. घराच्या पुढच्या अर्ध्या भागात वडिलांनी मांडलेलं मोटरी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. जळक्या मोटरीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. दादा मोटरी उघडायचा, जोडायचा, चालवून बघायचा. तार गुंडाळायची आक्का. वडिलांची नजर गेली त्या वर्षी तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि ती बाकावर बसली, ती बसलीच.

"उद्यापासून आक्काने बाकाला हात लावायचा नाही," दादा म्हणाला. "पूर्ण आराम. आईजवळ बसायचं, गप्पा मारायच्या, बस्स."

"मी कधीची म्हणतेय," आई म्हणाली. "माझ्याजवळ बसली की तिलाही बरं, मलाही बरं."

"मलाही पटतंय," धाकटी म्हणाली.

आक्का जमिनीकडे बघत होती. "चौऱ्याऐंशी वेढ्यांच्या सहा कॉइल द्यायच्यात उद्या," ती म्हणाली.

"मशीन देईल."

"तार मधेच ढिली पडली तर मशीनला कळत नाही."

"कळेल, कळेल. तू नको काळजी करूस."

ती उठली, पडदा सारून वर्कशॉपमध्ये गेली, आणि थोड्या वेळाने तार गुंडाळायच्या फर्म्याची मूठ फिरल्याचा आवाज सुरू झाला. लगेच घरातलं बोलणं खालच्या पट्टीत आलं. ही वडिलांची शिस्त होती. मोजणाऱ्याला हाक मारायची नाही. एक वेढा चुकला तरी मोटर तापते, आणि आकडा मोडला की सगळी तार सोडून पहिल्यापासून सुरुवात. दारात पाहुणा असो, फोन असो, दूध उतू जावो, मूठ थांबेपर्यंत थांबायचं. वडील वारले ती बातमी घेऊन दादा याच पडद्याशी उभा राहिला होता, शेवटचा वेढा पुरा होईपर्यंत.

*

वहिनी कप विसळत होती, गरजेपेक्षा जोरात. शाळेच्या ऑफिसात नोकरी, रविवार तेवढा घरचा, आणि तोही असा. आक्काशी तिचं पंचवीस वर्षांत कधी भांडण झालं नव्हतं. पटलंही कधी नव्हतं.

"वहिनी, तू काहीच बोलली नाहीस," धाकटी फडकं हातात घेत म्हणाली.

"मला विचारलं कुणी?"

"आता विचारते."

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला. झालं समाधान?"

धाकटी कप पुसत राहिली. वहिनीने नळ बंद केला, हात पदराला पुसले. बोलावं की गिळून टाकावं, हा तिचा नेहमीचा हिशेब. बहुतेक वेळा गिळण्याकडेच पारडं जायचं. पहिलं वर्षभर तिला हे दुखणं सरळ नाटक वाटलं होतं. तसं ती नवऱ्याजवळ बोललीही होती आणि त्यानेही तोच शब्द उचलला होता. दोघांपैकी कुणाला त्याचा अभिमान नव्हता.

"ये इकडे," ती म्हणाली.

जिन्याखालच्या कपाटात छत्र्यांच्या मागे एक पत्र्याचा डबा होता. वहिनीने झाकण काढलं. आत तांब्याच्या कॉइल, दोऱ्याने नीट बांधलेल्या. चाळीसेक तरी असतील.

"या कुठल्या मोटरीच्या?"

"कुठल्याच नाही. भंगारातली तार आहे. दुपारी वर्कशॉप बंद असतं तेव्हा आक्का गुंडाळतात. मग सोडतात. मग परत गुंडाळतात. तीच तार, तेच वेढे. छत्री शोधायला आले तेव्हा सापडलं, आणि मग लक्ष ठेवलं."

"पण कशासाठी?"

"मोजत असताना त्यांना हाक कोण मारतं?"

धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली.

"एकदा मी रजेवर होते," वहिनी म्हणाली. "काही उद्योग नव्हता म्हणून मोजलं. सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत आईंच्या एकतीस हाका. खिडकी उघड. खिडकी लाव. उशी वर कर. घड्याळात किती वाजले? मी पाणी घेऊन गेले तर म्हणतात, तहान नाही. मी वळले की, आक्का! आणि काम असतंच असं नाही. नुसतं आली का ते बघायचं असतं. आल्या की म्हणतात, काही नाही, जा."

"मग हे मघाशी का नाही सांगितलंस? दादाने बाक काढायचं ठरवलं, मी वर 'पटतंय' म्हटलं..."

वहिनीने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तिने तळहाताने दाबलं.

"खरं सांगू? आक्का बाकावर राहिल्या तर आईंकडे बघायचं कुणी? मी. म्हणून गप्प बसले. आता म्हण काय म्हणायचं ते."

धाकटीला म्हणायचं होतं बरंच. पण दर वेळी परतीची बस सुटली की आपल्याला केवढं हलकं वाटतं, हे तिला आठवलं, आणि ते फार लाज आणणारं होतं.

"मी तरी काय," ती म्हणाली. "दोन तास लांब राहते, हाच माझा मोठेपणा."

"हे सांगायला हवं," मग दोघीही एकदम म्हणाल्या. पण दादाला सांगायचं कसं, आणि आईच्या कानावर न जाता सांगायचं कसं, यावर पायरीवरच त्यांची खलबतं सुरू झाली.

*

दादा पाना घेऊन पडद्याशी थांबला होता. बाक भिंतीला चार बोल्टांनी जखडलेला होता. ते काढले की मशीनला जागा झाली असती. आत मूठ फिरत होती, आक्काचे ओठ हलत होते. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. तिने तार तोडली. तेव्हाच तो आत आला.

"आक्का, मी काय तुझ्या वाइटावर आहे का?"

"नाही रे."

"मग एवढं तोंड पाडून का बसलीस? चोवीस तास दुखतंय म्हणतेस. काम कमी करतोय तर..."

"इथे दुखत नाही."

"काय?"

"बाकावर." तिने कॉइल दोऱ्याने बांधायला घेतली. "मोजायला लागले की दहापंधरा वेढ्यांत थांबतं. दिवसातून तेवढंच थांबतं. तेवढं राहू दे मला. बोल्ट नको काढूस."

दादाला काही कळेना. "अगं पण डॉक्टरने सरळ विचारलं होतं ना, कधी दुखत नाही म्हणून?"

"सांगितलं असतं, तर घरी आल्यावर तुम्ही काय म्हणाला असता? काम करताना दुखत नाही, घरातलं करताना दुखतं. म्हणजे नाटक."

दादाने पाना या हातातून त्या हातात घेतला. तो शब्द तो बोलला होता, दोन वर्षांपूर्वी, वरच्या खोलीत, दार लावून. या घराला दारं होती ती नावापुरतीच.

"आक्का!"

पडद्यापलीकडून आई. मूठ थांबल्याचं तिला तिकडे ऐकू गेलं होतं.

आणि दादाने ते पाहिलं. बहिणीचा उजवा खांदा कानाकडे वर गेला, मान आखडली, दोऱ्यावरची बोटं मिटली. क्षणभरच. "आले," म्हणत ती उठायला लागली.

"थांब. उठू नकोस."

"अरे, हाक मारतेय ती."

"आक्का, ऐकू येत नाही का गं?"

खांदा आणखी वर. ओठ पांढरे. आक्काने डाव्या हाताने कोपर धरलं, तसंच, जसं ती तीन वर्षं धरत होती आणि तो तीन वर्षं बघत होता. बघत होता म्हणजे काय, समोर होता. माणसांकडे निरखून बघायची त्याला सवयच नव्हती, ती सगळी मोटरींवर खर्च झाली होती. पण हे त्याच्या ओळखीचं होतं. टेबलावर रिकामी चालवली की मोटर गोड चालते. पंपाला जोडली, वर लोड आला, की तापते. गिऱ्हाईक सांगून थकतं आणि कारागीर म्हणतो, आमच्याकडे तर ठीक चालली.

"आईची हाक!" तो मोठ्याने म्हणाला. "अगं, आईच्या हाकेने होतंय तुला!"

"हळू बोल."

पण दोष सापडला की दादाला हळू बोलता यायचं नाही. सापडला की अर्धी दुरुस्ती झाली, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. गेल्या तीन वर्षांत त्याला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. पाना हातात घेऊनच तो पडदा सारून आत गेला, आणि आक्का त्याच्या मागे धावली.

*

"आई, आजपासून आक्काला हाक मारायची नाही. काय हवं ते मला सांग, हिला सांग."

"अहो, थांबा!" वहिनी जिन्याकडून धावत आली, तिच्यामागे धाकटी. दोघींची खलबतं तिथेच राहिली.

"का?" आई म्हणाली. "माझ्या हाकेने काय घोडं मारलं तिचं?"

"तुझ्या हाकेने तिला दुखतं. आत्ता डोळ्यांनी बघितलं मी."

दादाला आपण काय केलं ते आता समजायला लागलं होतं, पण बाहेर पडलेला शब्द काही तार नव्हे, सोडून पुन्हा गुंडाळायला.

आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पडद्याशी उभ्या असलेल्या थोरलीकडे बघत होती.

"खरं का गं?"

नाही म्हणणं आक्काला किती सोपं होतं! आयुष्यभर तेच तर म्हणत आली होती. नाही, त्रास कसला. नाही, मला नाही जायचं कुठे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय झाली की तो आपल्याच काळजाचा ठोका वाटायला लागतो. पण नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाक गेला असता, आणि उद्या सकाळपासून ही खोली, ही खिडकी, हा पलंग. दिवसभर.

"हो," ती म्हणाली. मग घाईने, "तुझ्याने नाही, आई. हाकेने."

"एकच की."

"एक नाही."

आईने चादरीची सुरकुती बोटाने सरळ केली. पुन्हा केली.

"मी बाथरूममध्ये पडले त्या दिवशी तीन हाका मारल्या होत्या," ती म्हणाली. "तू मोजत होतीस. मला माहीत होतं मोजतेस, तरी मारल्या. तुला ऐकू आल्या होत्या का? सव्वातीन वर्षांत कधी विचारलं नाही. आज विचारते."

धाकटीने डोळे मिटले. वहिनी भिंतीला टेकली.

"आल्या होत्या," आक्का म्हणाली. "तिन्ही. बावीस वेढे राहिले होते."

"पुरे केलेस?"

"केले."

"आई, हाड पडतानाच मोडलं होतं," धाकटी मधे पडली. "मी स्वतः फोटो बघितलाय. दोन मिनिटं आधी आली असती तरी काय फरक पडणार होता?"

"हाडाला नसता पडला," आई म्हणाली.

आक्का रडत होती, पण आवाज न करता, आणि कोपर धरून. ते तीन आवाज ती रोज ऐकत होती. आईची कुठलीही हाक आली, उशीची असो, खिडकीची असो, की अंगाला आधी तीच हाक ऐकू यायची. ती धावायची. दर वेळी वेळेवर पोहोचायची आणि दर वेळी उशीर झालेला असायचा. हे तिला कुठल्या डॉक्टरला सांगता आलं असतं?

"मला माहीत होतं," आई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "म्हणून तर मारायची हाक. येतेस की नाही ते बघायला. आलीस की बरं वाटायचं. घटकाभरच. मग परत वाटायचं, आता नाही आली तर?" तिने मान खिडकीकडे वळवली. "नाही मारणार आता. जा तू. काम पडलंय तुझं."

"आई..."

"जा म्हटलं ना."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणी कुणाला बोल लावायचा? मग दादानेच, काहीतरी करायला हवं म्हणून, मशीनचं खोकं उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं. वहिनीने सकाळची आंघोळ आणि औषधं स्वतःकडे घेतली, दुपारी एखादी बाई ठेवू म्हणाली. धाकटीने दर शनिवार-रविवार यायचं कबूल केलं. आईने सगळ्याला मान डोलावली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, तीन वर्षांचं अडलेलं काम एका सकाळी मार्गी लागलं.

जेवणानंतर आक्का बाकावर बसली. तिला कुणी थांबवलं नाही. तिने फर्म्यावर तार अडकवली आणि मूठ फिरवायला सुरुवात केली. पहिली कॉइल झाली. मूठ थांबली. ती वाट बघत राहिली. पलीकडून काही आलं नाही.

दुसरी लावली. अठ्ठाविसाव्या वेढ्याला पडद्यापलीकडे पलंग करकरला. मग थांबला. मग पुन्हा करकरला. टेबल पलंगापासून हातभर लांब होतं आणि त्यावर पाण्याचा ग्लास होता. वहिनी वर कपडे वाळत घालत होती. आक्काने मूठ थांबवली. श्वासाचा आवाज ऐकू आला, जोर लावणाऱ्या माणसाचा, आणि काच लाकडावर सरकल्याचा.

"आई, पाणी हवंय का?"

"नको," आई म्हणाली. "तू मोज."

"देते ना मी."

"नको म्हटलं. मोज तू."

तिचा आकडा केव्हाच मोडला होता. तिने सगळी तार सोडली, फर्मा रिकामा केला आणि एकपासून सुरुवात केली. कान पडद्याकडे होते. पलंग पुन्हा करकरला नाही. आठ. नऊ. दहा. इतकी वर्षं पंधराव्या वेढ्यापर्यंत थांबून जाणारं दुखणं आज पंधराव्या वेढ्याला सुरू झालं.